बग्गीचा कौल

खंडेनवमीच्या सकाळी मी एक अगदी छोटा निर्णय घेतला: अवधूतच्या बग्गीचीही पूजा करायची.

बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे (माझ्या माहेरीही आधी तसंच वाटलं होतं, आणि बाबा उगाच खूश झाले होते). रिमोटवर चालणारी, मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळवायची, हातभर लांबीची गाडी. अवधूत, म्हणजे माझा नवरा, चाकणच्या एका कंपनीत दिवसभर मोटारींचे शॉक ॲब्सॉर्बर तपासतो आणि घरी येऊन करंगळीएवढे शॉक ॲब्सॉर्बर भरत बसतो. लग्नानंतरचा आमचा पहिला काळ त्या शॉकमधल्या तेलातले बुडबुडे वर यायची वाट बघण्यात गेला. ते तेल माझ्या आमटीच्या वाटीत असायचं. दोन गिअरमध्ये किती फट हवी, हे तो मध्ये कागद सरकवून ठरवायचा. उरलेल्या लग्नपत्रिका जाड पडल्या. सत्यनारायणाचं आमंत्रण बरोबर बसलं.

शेवटी गाडी वळवायच्या, रिमोटवरच्या छोट्या चाकाची स्प्रिंग बदलून त्याने ती इतकी नरम केली की म्हणाला, "आता फुंकर मारलीस तरी गाडी वळेल." रविवारी त्याची शर्यत होती.

मला त्या गाडीचा कायम थोडा धाक वाटायचा. वरचं कवच काळं. ते काढलं की पुढचे दोन शॉक कोळ्याच्या गुडघ्यांसारखे वर आलेले. दुसऱ्या खोलीत ती टेबलावर बसलेली असायची, आणि कपड्यांच्या घड्या घालताना मी तिच्याकडे पाठ करत नसे. त्यात आमची इमारत चऱ्होलीतली, नवीकोरी, बहुतेक फ्लॅट रिकामेच. लिफ्ट कधीकधी आपोआप आमच्या मजल्यावर येते, दार उघडते, जरा थांबते आणि कुणीच न उतरता निघून जाते. सुरुवातीला मी बाहेर डोकावून बघायचे. आता बघत नाही.

त्या दिवशी मात्र माझी भीती वेगळी होती. चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीने मला क्वालिटी विभागात घेतलं होतं आणि येणार की नाही, हे संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नवरात्रासाठी उदगीरहून आलेल्या सासूबाईंना मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. (आठवडाभर रोज सांगायला जायचे आणि 'चहा ठेवू का?' असं विचारून परत यायचे. त्या आठवड्यात त्यांना फार चहा प्यावा लागला.)

अवधूत कंपनीतल्या मशिनींच्या पूजेला गेला होता. घरच्या हत्यारांसाठी आम्ही हॉलमध्ये पंख्याखाली पाट मांडला. विळी, कात्री, पान्हे, आणि मधोमध बग्गी.

"गाडी हाय ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग लिंबावरून जायला पाहिजे."

मी बग्गीचं आणि रिमोटचं बटण चालू केलं, ट्रिगर हळूच दाबला, लिंबू फुटलं. मग बग्गी पाटावर बसवली, तोंड आमच्याकडे करून. शेजारी रिमोट उभा केला. सासूबाईंनी बग्गीला हळदीकुंकू वाहिलं, रिमोटच्या चाकात झेंडूची माळ अडकवली आणि हात जोडले.

"आता उद्यापर्यंत कशाला हात लावायचा न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, दोन्ही बटणं चालूच राहिली आहेत. (सांगितलं का? अर्थातच नाही.)

दुपारी आमच्या इमारतीत फ्रिज बंद पडलेलाही ऐकू येतो. त्या शांततेत हॉलमधून बारीक किरकिर आली. मी गेले तर सासूबाई पाटासमोर थिजून उभ्या. बग्गीची पुढची चाकं सावकाश एका बाजूला वळली. थांबली. मग दुसऱ्या बाजूला. कुणीतरी खोलीभर नजर फिरवावी तशी.

"ऋता," त्या कुजबुजल्या, "हे बघायलंय."

"कुणाकडे?"

"आता तुझ्याकडं."

खालच्या मजल्यावरच्या अंबुबाईंना बोलावणं गेलं. इमारत उभी आहे ती जमीन मुळात त्यांची. तिच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळालाय. अंबुबाईंनी चाकं पाहिली आणि पदर डोक्यावर घेतला.

"व्हय. वळखलं म्या. हितं आमचा म्हसोबा हुता. बिल्डरनं पार्किंगच्या कडंला नेऊन बशिवला."

"पण इतक्या वर कसा येईल, मावशी?" मी विचारलं.

"लिफ्ट हाय की."

मला ते उघडून मिटणारं रिकामं दार आठवलं आणि मी मागे सरकत स्विचबोर्डाच्या भिंतीला टेकले.

"आलाच हाय तर कौल लावून घ्या," अंबुबाई म्हणाल्या. "उजवा दिला तर व्हय, डावा दिला तर न्हाई."

काय विचारायचं, हे सासूबाईंना शोधावं लागलं नाही. "हिला कंपनीत नोकरी लागलीय. अवधूत बोलला मला, ही बोलली न्हाई. हिनं जावं का?"

(म्हणजे तो सगळा चहा त्या माहीत असूनच पीत होत्या.)

माणूस गप्प असला की त्याला बघायला भरपूर वेळ मिळतो. मी बघत होते. पंख्याच्या वाऱ्याने माळ हलत होती, माळेने रिमोटचं चाक हलत होतं, आणि चाक हललं की बग्गी नजर फिरवत होती. अंगावरचा काटा गेला. हे तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण देव आयता रेग्युलेटरवर आला असताना कोण सोडतं?

"गरम होतंय," मी म्हटलं आणि पंखा पाचवर केला.

माळ एका अंगाला कलली आणि तशीच राहिली. बग्गीची चाकं उजवीकडे वळून थांबली.

"डावा," अंबुबाई म्हणाल्या.

"मावशी, उजवीकडेच वळलीत की चाकं."

"ती आपल्या उजवीकडं. द्येव तोंड आपल्याकडं करून बसलाय. कौल त्येच्या अंगाचा धरायचा असतो, पोरी."

म्हणजे देवाला 'नाही' म्हणायला मीच लावलं होतं, आणि तेही फुल स्पीडवर. मी पुन्हा रेग्युलेटरकडे हात नेला, तेवढ्यात लाईट गेली.

पंखा मंदावत थांबला. माळ सरळ लोंबली. चाकं सरळ झाली. जिन्याकडची लिफ्टची घरघरही थांबली. आता वारा नव्हता, वीज नव्हती, कुणाचा हात नव्हता.

आणि बग्गी निघाली.

ती पाटावरून उतरली, कुंकवाचे दोन लाल पट्टे ओढत आली, वळली, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्या पायाला टेकून घुरघुरत राहिली. (रिमोटचे सेल संपले असतील, सिग्नल तुटला की गाडीने थांबावं हे सेटिंग करायचं राहिलं होतं, असं अवधूतने रात्री मोठ्या आनंदाने समजावलं. मग सरळ न जाता ती वळली कशी, हे विचारल्यावर तो जेवायला बसला.)

मी वाकून बटण बंद केलं. अंबुबाईंना वाटलं, मी पाया पडले.

"द्येव सुनंपाशी गेला," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "कौल ऱ्हाऊ द्या. तिलाच इचारा म्हणतुया."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझं मत कुणी विचारत होतं, आणि तेही म्हसोबाच्या शिफारशीवरून. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. आठवडाभर तो शब्द मी तोंडात घोळवत होते. मी तोंड उघडलं.

"आई म्हणतील तसं."

अंबुबाईंनी बग्गीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिचीच कीव आली. सासूबाई सोफ्यावर टेकल्या.

"तिथं काम काय हाय तुला?"

"खराब निघालेला माल परत पाठवायचा. म्हणजे... नाही म्हणायचं."

"द्येव पायापाशी येऊन बसला तरी तुला हो म्हणता येईना," सासूबाई म्हणाल्या, "आणि तू दिवसभर न्हाई म्हणणार?" मग कौल त्यांनीच दिला. "जा सोमवारपासून. तेवढं तरी शिकशील. जाशील ना?"

मी मान खाली घातली.

"तुम्ही म्हणाल तसं, आई."