बबनरावांचा झोपाळा

बबनरावांनी मला फसवलं. मार्केट यार्डात मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो, म्हणून हे लिहिताना जिवावर येतं. पण लिहितो. त्यांनी मला मिरची-हळदीचा गाळा विकला आणि गाळ्याबरोबर एक झोपाळा माझ्या गळ्यात मारला.

बबनराव धायरीचे. भाव ठरवायची त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक शेवटचा आकडा बोललं, की ते म्हणायचे, “थांबा, मालकिणीला इचारतो,” आणि टेबलावरच्या संगणकाकडे वळायचे. पडद्यावर त्यांच्या घरातली एक खोली दिवसभर दिसायची. खोलीत माणूस नाही. कड्यांचा लाकडी झोपाळा, मागं बंद खिडकी, भिंतीवर कॅलेंडर. बबनराव त्या रिकाम्या झोपाळ्याला भाव सांगायचे आणि वाट बघायचे. झोपाळा हलला की सौदा पक्का. नाही हलला, तर हात जोडून, “मालकीण न्हाई म्हणतीय.”

परगावचे व्यापारी पहिल्यांदा हसायचे. दुसऱ्यांदा हसायचे नाहीत. आमचा एक हमाल त्या टेबलासमोरून जाताना चपला काढायचा.

मी मात्र बधलो नाही. पाठीवर पोती वाहून मी व्यापारात आलोय. ‘भागीदाराला विचारतो’ ही युक्ती मीही वापरतो, आणि मला भागीदार मुळात नाहीच. बबनरावांच्या पत्नी यमुनावहिनी आजारी आहेत, घराबाहेर पडत नाहीत, एवढं ठाऊक होतं. पण पडद्यावर त्या कधी दिसल्या नाहीत. तेव्हा हे सगळं सोंग, असं माझं मत. त्या सोंगानं बबनरावांशी ठरत आलेले माझे बरेच सौदे मोडले होते.

त्यांचं दुसरं वेड साफसफाईचं. दुकान वाढवायच्या आधी गाळा झाडून झाला, की ते संगणक झाडायचे. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. बटण दाबलं की तो साठलेला कचरा काढून टाकतो, पण त्याच झपाट्यात उघडी खातीही बंद करतो. मग पासवर्ड घातल्याशिवाय आत जाता येत नाही. म्हणून बबनराव आधी चष्मा पुसून, यादीत घर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमपुढची खूण काढायचे. म्हणायचे, “आंगण झाडताना कुणी दारातली रांगोळी झाडतं का?”

यमुनावहिनी गेल्या आणि झोपाळा हलायचा थांबला. बबनराव तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून पडद्याकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक कंटाळून शेजारी, म्हणजे माझ्याकडे यायचं. शेवटी त्यांनी गाळा विकायला काढला. मी भरपूर घासाघीस केली आणि उठता उठता सवयीनं म्हणालो, “संगणक यातच धरा.” मला वाटलं भांडतील. ते लगेच हो म्हणाले. तिथंच मला संशय यायला हवा होता.

अट एकच. रोज झाडा, पण ती खूण काढून. घराची लाइन तुटू द्यायची नाही. मी पासवर्ड विचारला. म्हणाले, “मालकिणीचे गुडघे धरले तवा तिनंच हे समदं बसवून घेतलं. पासवर्ड तिच्यासंगं गेला.”

गाळा माझा झाला. झोपाळा पडद्यावर तसाच. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचो. एका दुपारी हळदीचा भाव अडला. गिऱ्हाईक पाणी प्यायला उठलं, आणि मी वैतागून पडद्याला म्हणालो, “काय वहिनी, देऊन टाकू का?”

झोपाळा हलला.

खिडकी बंद. कॅलेंडरचं पान जागच्या जागी. झोपाळा तेवढा पुढं-मागं होत हळूहळू थांबला. माझ्या मानेवर काटा आला. मी सौदा केला, आणि तो चांगला ठरला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पडेल भाव सांगून बघितला. झोपाळा ढिम्म.

मग मी रोज विचारू लागलो, कुणी नसताना, हळू आवाजात. घरी बायको म्हणाली, “हल्ली ओरडत नाही. तब्येत बरी आहे ना?”

अशात त्या साफसफाईच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि मी काढून ठेवलेली खूण तिनं मला न विचारता परत घातली. मी नेहमीसारखं बटण दाबलं. झोपाळ्याच्या जागी पासवर्ड मागणारी पांढरी चौकट.

सकाळी मी धायरी गाठली. भांडण तयार होतं: मालातला दोष लपवला, संगणक परत घ्या. दार उघडंच होतं. समोर झोपाळा. आणि कॅमेऱ्याच्या मागं, पडद्यावर कधीच न आलेल्या बाजूला, एक कॉट. कॉटसमोर दुसरा संगणक. कॉटवर बबनराव, हातात दोर. तो दोर जमिनीवरून जाऊन झोपाळ्याला बांधलेला. पडद्यावर मी त्याला कपडे वाळत घालायची, सुटून पडलेली दोरी समजत होतो.

“दुकान दिसंना झालंय, शेठ,” ते म्हणाले.

मग सगळं कळलं. मी शेजारी यायच्या आधी गल्ल्यावर यमुनावहिनीच बसायच्या. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. आपलं ते रूप यार्डातल्या माणसांना दिसू नये म्हणून त्यांनी खुणेनं कॅमेरा झोपाळ्याकडे वळवून घेतला. कॉटवर पडून त्या दिवसभर दुकान बघायच्या आणि हो म्हणायचं असलं की चालत्या हातानं दोर ओढायच्या.

“म्हणजे मला इतके दिवस तुम्ही बनवत होता,” मी म्हणालो.

“तुमी इचारायचा,” बबनराव दोराकडे बघत म्हणाले. “मला दुसरं कोन इचारतंय?”

भांडण बाजूला ठेवून मी दोन्हीकडे नवी खाती उघडून दिली. बबनरावांनी विचारलं, “नव्या नावाला वळखंल का ती?” मी खेकसलो, “न ओळखायला काय झालं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बबनराव बसनं गाळ्यात हजर. घराला कुलूप लावून आले होते. पडद्यावर झोपाळा होता, दोर जमिनीवर सैल पडलेला. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खालच्या आवाजात पडद्याला म्हणाले, “मालकीण, घरात दिस सरत न्हाई. मी हितं येत जाऊ का?”

दोर ताठ झाला. झोपाळा हलला.

बबनरावांनी टोपीनं डोळे पुसले. तेव्हापासून ते रोज येतात. चहा मीच पाजतो.

पण मालात काय आहे ते सौद्याआधी सांगायचं, हा यार्डाचा धर्म आहे. गाळा रिकामा आहे असं सांगून त्यांनी मला दिला. मी त्यांना रोज विचारतो, घराला कुलूप असताना दोर ओढला कुणी? ते म्हणतात, “हळू बोला, ऐकतीय ती.” हे काही उत्तर झालं नाही. मला उत्तर पाहिजे, आणि ते बबनरावांनीच दिलं पाहिजे.