जीपची थरथर आणि रंगनाथ हवालदार

प्रश्न साधा होता. कारखान्यातून नवी कोरी आलेली, चारही चाकांना जोर देणारी जीप ताशी तीस मैलांच्या वर गेली की का थरथरते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आमच्या राजूर गावी एका दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तपास चालला. त्या तपासाची साधने अशी होती: एक पितळी वाटी, वाटीत काठोकाठ पाणी, ती वाटी मांडीवर घेऊन बसलेला मी, आणि हातात चाक धरून रस्त्याऐवजी वाटीकडे बघणारे रंगनाथ हवालदार.

हे हवालदार पोलिसातले नव्हेत. फौजेत त्यांनी अनेक वर्षे गाड्या चालवल्या, निवृत्त होऊन ते गावी आले आणि सरकारी दवाखान्याच्या गाडीवर चालक म्हणून लागले. मी हायस्कुलात गणित व विज्ञान शिकवीत असे. त्यांचे आणि माझे घर दवाखान्याच्या अंगणालाच लागून होते आणि दोन्ही घरांत एकच भिंत होती; तीही अशी, की पलीकडे फोडणी पडली की अलीकडे मला शिंक येई.

वाटी ही त्यांची कायमची सोबतीण. जगातील प्रत्येक वस्तू थरथरते, प्रश्न फक्त किती एवढाच आहे, असे त्यांचे मत होते. पिठाच्या गिरणीत दळण टाकले की ते गिरणीच्या जोत्यावर वाटी ठेवून पाण्यावरची वलये न्याहाळीत बसत. एस.टी.त त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. एकदा ते माझ्या वर्गात शिरले, टेबलावर वाटी ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, ह्या टेबलाचा डावा पाय कमजोर हाय. पोरं पाढे म्हनत्यात तवा पानी हलतं."

मी तपासले. डावा पाय भक्कम होता. उजवा कमजोर निघाला. हे मी त्यांच्या निदर्शनास आणले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुमी पलीकडनं बघताय."

येथे त्यांच्या स्वभावाचे दोन नियम सांगणे आवश्यक आहे. पहिला नियम: "अंदाज न्हाई, तपासणी!" हे वाक्य ते दिवसातून कितीही वेळा, कोणालाही, भाजीवालीलासुद्धा ऐकवीत. दुसरा नियम: "कसूर बाहेरचा." कसूर हा शब्द त्यांनी फौजेतून आणला होता आणि तो त्यांनी स्वतःसाठी कधीही वापरला नव्हता. सायकलवरून पडले, कसूर उताराचा. भात करपला, कसूर ओल्या लाकडांचा. एका लग्नाला ते आहेर घेऊन दुसऱ्या दिवशी पोहोचले, कसूर पंचांग छापणाऱ्याचा. त्यांच्या पत्नी यमुनावहिनी पदर तोंडाला लावून हसत आणि मला सांगत, "भावजी, आमच्या लग्नात ह्यांनी मुंडावळ्या उलट्या बांधल्या हुत्या. त्यो कसूर दोऱ्याचा!"

वहिनी हसऱ्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हते. हा उल्लेख मी केला नसता, पण पुढील हकिकत त्यावाचून कळणार नाही.

जीप आली ती नवरात्राच्या तोंडावर. डोंगरातल्या वाड्यांवरून अडलेल्या बायकांना संगमनेरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे, हे तिचे मुख्य काम. पहिले काही दिवस ती इतकी सुरळीत चालली की वाटीतल्या पाण्यात हवालदारांना स्वतःची मिशी स्पष्ट दिसे. मग खंडेनवमी आली. हत्यारे आणि अवजारे पुजण्याचा हा दिवस. दवाखान्याच्या ओसरीवर पाट मांडून त्यावर नट आवळायचे पाने, हातोड्या, डॉक्टरसाहेबांची छाती तपासण्याची नळी आणि इंजेक्शनची सुई अशी मांडामांड झाली. हवालदारांचे समाधान होईना.

"वरच्या पत्र्याला हार घालून काय उपेग?" ते म्हणाले. "राबनारा त्यो खाली हाय. पूजा त्याची पायजे."

आणि ते गाडीखाली गेले व प्रोपेलर शाफ्ट सोडवून घेऊन आले. शाफ्ट म्हणजे गिअरपेटीचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा. वहिनींनी तो पाटावर ठेवला, तेलात शेंदूर कालवला आणि देवाला लावावा तसा मनापासून, जाड, दोन्ही अंगांनी लावला. शाफ्ट इतका सुंदर दिसू लागला की डॉक्टरसाहेब, जे पुण्याचे होते, त्यांनीही नकळत हात जोडले. पूजेचा शेंदूर पुसायचा नाही, हा रिवाज. म्हणून दसऱ्याच्या सकाळी हवालदारांनी शाफ्ट तसाच, शेंदरासकट, उचलताना निसटलेले त्याचे दोन तुकडे एकमेकांत घालून, पुन्हा बसवला.

त्याच दिवशी जीप थरथरू लागली. तीस मैलांपर्यंत काही नाही. त्यापुढे खालून गुणगुण सुरू होई, मग बैठक कापे, मग दात वाजत. काही अंतराने थरथर कमी होई आणि वेग वाढवताच परत येई. अशा गाडीत अडलेल्या बाईला बसवणे म्हणजे तिच्यावर दुसरे संकट आणणे होते.

इथवर हा यंत्राचा प्रश्न होता. तो माणसांचा झाला, तो सखूआजीमुळे. सखूआजी वरच्या वाडीची. तिची सून पहिलटकरीण होती आणि दिवस भरत आल्यावर तिला जीपने न्यायचे ठरले होते. आजी दवाखान्यात आली, तिने गाडी सुरू असताना दारावर तळहात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"म्या न्हाई माझ्या सुनंला ह्यात बसवायची," ती डॉक्टरांना म्हणाली. "गाडी चांगली हुती. पूजा झाली आन् कापाया लागली. ज्या बाईच्या घरात पाळना हलला न्हाई, तिच्या हातानं कशापायी पूजा करून घ्यावी?"

वहिनी चहा घेऊन ओसरीवरच उभ्या होत्या. त्यांनी चहा सर्वांना दिला, सखूआजीलाही दिला, आणि त्या घरी गेल्या. तोपर्यंत रोज सकाळी गाडी निघताना त्या बॉनेटला हळदीकुंकू लावीत. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. आजीचे बोलणे बाजाराच्या दिवशी साऱ्या वाड्यांवर पोहोचले आणि डोंगरातल्या बायका पुन्हा डोलीतून, पायवाटेने येऊ लागल्या.

 हवालदारांनी फक्त वाटी मोठी घेतली.

तपासाची पद्धत मात्र, शिक्षक या नात्याने मला मान्य करावे लागेल, उत्तम होती. ज्यावर संशय आहे ती वस्तू बदलावी, बाकी सर्व तसेच ठेवावे आणि परिणाम पाहावा. प्रथम त्यांनी पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावली. थरथर तशीच. मग चाकांच्या कडेला शिशाचे तुकडे लावून तोल पाहिला. तशीच. उभ्या गाडीत इंजिन जोरात फिरवले. पाणी जवळजवळ स्थिर. म्हणजे इंजिन संशयातून सुटले. मग अकोल्याच्या रस्त्यावरील उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून दिली. वेग वाढताच वाटीने माझे धोतर भिजवले.

"गुरुजी, हलू नका!"

"मी हलत नाही, हवालदार. गाडी हलते आहे."

"तुमी दम धरा. तुमच्या श्वासानं पानी हलतंय."

मी श्वास रोखला. पाणी तरीही सांडले. "कसूर रस्त्याचा," ते म्हणाले. म्हणून आम्ही दुसऱ्या रस्त्यावर गेलो. तेथेही सांडले. मग कसूर टायर बनवणाऱ्याचा झाला, नंतर पेट्रोलचा, नंतर हवेतल्या ओलाव्याचा. एका बैठकीत तो डॉक्टरसाहेबांच्या वजनाचाही झाला होता. पण डॉक्टर खाली उतरल्यावर गाडी अधिकच थरथरली आणि तो मुद्दा बारगळला.

शेवटी मी फळ्यापुढे उभा राहून सांगावे तसे त्यांना सांगितले, "गाडी आधी चांगली होती आणि नंतर बिघडली. त्या दोहोंच्या मध्ये काय बदलले, ते पाहावे. मध्ये फक्त शाफ्ट काढला आणि बसवला."

"त्यो म्या बसवलाय," हवालदार म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो."

"गुरुजी, ऐका. त्यो *म्या* बसवलाय." त्यांच्या दृष्टीने येथे सिद्धता पूर्ण झाली होती. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि वाटी त्यांनी गाडीच्या रिकाम्या बैठकीवर ठेवली.

वसुबारसेच्या दुपारी मी ओसरीवर वह्या तपासत होतो. भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. त्या रडत नव्हत्या, भाजीत मीठ किती घालू असे विचारावे तसे त्या म्हणाल्या, "अवो, गाडीची पूजा आता डाक्टरीनबाईंकडनं करून घ्या. त्यांच्या कडंवर लेकरू हाय. मी लांबनं हात जोडीन. गाडी नीट व्हायला पायजे, येवढंच."

पलीकडे अवजारांची पेटी उघडल्याचा खणखणाट झाला. मग हवालदार माझ्या दारात उभे राहिले. त्यांच्या हातात वाटी नव्हती, पाना होता.

"चला गुरुजी. खाली जाऊ."

आम्ही दोघे दवाखान्याच्या अंगणात जीपखाली पाठीवर पडलो. येथे वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देतो. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. चाके वरखाली होताना त्याला लांब-आखूड व्हावे लागते, म्हणून एक तुकडा दुसऱ्यात खाचांवर सरकतो. दोन्ही टोकांना एकेक फिरता सांधा असतो. वाकून फिरताना पहिला सांधा प्रत्येक फेऱ्यात हिसका देतो आणि दुसरा तोच हिसका काढून घेतो. परंतु दोघे एकाच रोखात बसले असतील तरच. रोख चुकला, तर दोघांचे हिसके एकत्र होतात. म्हणून बनवणाऱ्याने दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. जोडताना बाणासमोर बाण आला पाहिजे.

हवालदारांनी रॉकेलचे फडके दांड्यावर फिरवले. चिखल निघाला, त्याखालून वाळून दगडासारखा झालेला शेंदूर निघाला. तो त्यांनी नखाने, हळूहळू खरवडला. आतून एक बाण वर आला. दुसऱ्या तुकड्यावरचा बाणही असाच भरून गेलेला होता, आणि तो पहिल्याच्या समोर नव्हता. कितीतरी खाचा बाजूला होता.

"म्हणजे शेंदरामुळे..." मी म्हणालो.

"गुरुजी." त्यांनी माझ्याकडे बघितलेही नाही. "ही गोष्ट गाडीखालीच ऱ्हाईल."

त्यांनी शाफ्ट सोडवला, फिरवला, बाणासमोर बाण आणून बसवला. मग आम्ही अकोल्याच्या रस्त्याला लागलो. तीस मैल, पस्तीस, चाळीस. वाटी माझ्या मांडीवर होती. पाण्यात प्रथम आभाळ दिसले आणि मग, हवालदार वाकले तेव्हा, त्यांची मिशी.

आम्ही परतलो तेव्हा अंगणात डॉक्टर होते. सखूआजीही होती, सुनेला बैलगाडीत निजवून घेऊन आली होती, कारण कळा सुरू झाल्या होत्या. हवालदार खाली उतरले आणि त्यांनी आपल्या घराच्या दिशेने हाक मारली, "यमुने, बाहेर ये!" वहिनी दारापर्यंत आल्या आणि तेथेच थांबल्या.

"काय होतं हो?" डॉक्टरांनी विचारले.

हवालदार सावधानमध्ये उभे राहिले. अंगण ऐकेल इतक्या आवाजात त्यांनी सांगितले, "कसूर माझा. शाफ्ट म्या चुकीचा बसवला. बाण हुते, म्या बघितले न्हाईत. दुसऱ्या कुनाचा काई कसूर न्हाई."

 हवालदारांचा कसूर ही घटना गावाने पूर्वी पाहिलेली नव्हती, त्यामुळे कसे वागावे हे कोणाला सुचेना. वहिनीच प्रथम पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या कपाळावर उलटा हात ठेवला.

"ताप हाय का वो तुमाला?"

अंगण हसले. सखूआजीने जीपच्या दारावर पुन्हा तळहात टेकला आणि या वेळी तो तेथेच राहू दिला. "बापय मानूस!" ती म्हणाली. "सोता चुकायचं आन् गाव भलतीकडं बोट दावतंय." मग ती वहिनींकडे वळली आणि तिने हुकूमच सोडला, "आगं, बघतीस काय? कुकू लाव की गाडीला. कळा थांबत्यात व्हय तुझ्यासाठी?"

वहिनी धावत घरात गेल्या आणि करंडा घेऊन आल्या.

सखूआजीला नात झाली. गाडी पुढे बरीच वर्षे चालली. हवालदारांचा दुसरा नियम दुसऱ्याच दिवसापासून पूर्ववत लागू झाला. पाडव्याचे उटणे डोळ्यात गेले, तो कसूर उटण्याचा.

पुढच्या खंडेनवमीला शाफ्ट पुन्हा पाटावर आला. मी बारकाईने पाहत होतो. वहिनी शेंदूर कालवीत होत्या. हवालदारांनी शाफ्टवरचे दोन्ही बाण एका रोखात आणले आणि ती बाजू गुपचूप पाटाकडे वळवून ठेवली. मग वरच्या, बिनबाणाच्या बाजूवरून हात फिरवीत ते म्हणाले, "ह्या अंगानं लाव. भरपूर लाव." त्यानंतर प्रत्येक वर्षी त्यांनी तसेच केले, आणि वहिनींनी प्रत्येक वर्षी भरपूर लावला. तसे का, हे त्यांनी वहिनींना कधीच सांगितले नाही. आता दोघेही नाहीत, म्हणून गाडीखालची गोष्ट बाहेर आणली.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे: शाफ्टचे दोन बाण समोरासमोर नसले, तर नवी गाडीही थरथरते. ज्यांच्याकडे अशी गाडी असेल, त्यांनी माझ्या सांगण्यावर विसंबू नये. गाडी सपाटीवर उभी करावी, चाकांना दगड लावावेत, फडके घेऊन खाली जावे आणि स्वतः पाहून घ्यावे.