पाऊल म्हणजे ठोकळा नव्हे

म्युनिकच्या आमच्या मंडळात गणपतीची आरती चालू असते, सगळे आत टाळ्या वाजवत असतात आणि नाडगौडा सर बाहेर दाराशी चपला-बुटांच्या ढिगापुढे उकिडवे बसलेले असतात. राखायला नव्हे, वाचायला. एकेक बूट उचलायचा, उलटा करायचा, तळाची झीज पाहायची आणि पुटपुटायचं, "हा गृहस्थ लॅपटॉप कायम उजव्या खांद्यावर घेतो. आणि ह्या बाईंचा गुडघा... आल्झो, म्हणजे, टिकेल अजून दोन वर्षं. फार तर तीन."

आमची पहिली भेट तिथलीच. मी औशाहून एम.एस. करायला नुकताच आलो होतो. आरती करून बाहेर आलो, तर माझा एकुलता एक जोड त्यांच्या हातात.

"हे कुणाचे?"

"माझे, सर."

"लहानपणी अनवाणी चालायचास?"

माझे कान तापले. सातवीपर्यंत मी शाळेत अनवाणी गेलो, हे जर्मनीत मी कुणाला सांगितलं नव्हतं. बुटाच्या फुगलेल्या कडांनी चुगली केली होती.

"वुंडरबार!" सर म्हणाले. "असाच पाय शोधत होतो. सोमवारी प्रयोगशाळेत ये. बूट नको, पाय आण."

चालताना माणसाचं पाऊल कसं हलतं, हे सर विद्यापीठात मोजतात. घोटा, टाच, बोटांची मुळं अशा ठिकाणी, एका पावलाला चौदा, वाटाण्याएवढ्या चकचकीत गोळ्या चिकटवायच्या. भोवतीचे कॅमेरे त्या टिपतात आणि पडद्यावर तुमचं पाऊल ठिपक्यांचं होऊन चालू लागतं. जुन्या मॉडेलांत अख्खं पाऊल एकसंध धरलेलं असे. त्याचा सरांना भारी राग. "पाऊल म्हणजे ठोकळा नव्हे! सव्वीस हाडं आहेत त्यात आणि प्रत्येकाला स्वतःचं मत आहे." हे ते बेकरीत सांगतात, यू-बानच्या भुयारी गाडीत सांगतात. त्यांच्या जर्मन पत्नी बिर्गिटकाकू हसून म्हणतात, "माझ्या डोळ्यांचा रंग विचार त्याला, येणार नाही सांगता. पण माझ्या तळपायाची कमान किती मिलिमीटर दबते, ते विचार!"

गोळी नेमकी हाडावर बसायला हवी, म्हणून सर जमिनीवर बसून बोटांनी पाय चाचपतात. माझं घोडं इथंच अडलं. साठीचा माणूस, त्यात गुरू, तो माझ्या पायाला हात लावणार म्हटल्यावर माझा पाय आपोआप मागे जाई आणि मी वाकून त्यांच्याच पायांना हात लावी. गोळ्या टपाटप सांडत.

"हलू नकोस!"

"सर, पाप लागतं."

"पापाला माझ्या तक्त्यात रकाना नाही. उभा राहा."

शेवटी त्यांनी मला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. त्यात अडखळताना पापाचा विसर पडे आणि तेवढ्यात चौदा गोळ्या बसत. माझा प्रबंध असा एकोणतीसच्या पाढ्यावर पुरा झाला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पुढची पदवी मला ह्या माणसानं माझ्या पायाशी बसून मिळवून दिली.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक पिवळा पडलेला वहीचा कागद आहे. त्यावर पेन्सिलीनं गिरवलेली दोन पावलं. मी एकदा विचारलं, तर "अपुरी नोंद," एवढंच म्हणाले. खरं काय ते काकूंनी सांगितलं. बुटांचं माप म्हणून सरांच्या वडिलांनी मिरजेहून तो कागद पाठवला होता. सर बूट घेऊन घरी पोचले ते दोन दिवस उशिरा. वडिलांच्या पायांना शेवटचा हात लावायचा राहिला, तो राहिलाच.

गेल्या मे महिन्यात माझे वडील, बापू, पहिल्यांदाच इकडे आले. जन्मभर औशाच्या आडत बाजारात हमाली केलेला, सत्तरी गाठलेला माणूस. पायाची बोटं पंख्यासारखी पसरलेली, टाचांना भेगा. सरांना कळायचा अवकाश, "आण त्यांना!"

प्रयोगशाळेत सर खाली बसले तसे बापू दोन पावलं मागे सरले. "सायेब, माझ्या पायाला हात? तुम्ही?"

"कामच आहे माझं, बापू. हलू नका."

पाढा सुचवायची सोय नव्हती, बापू शाळेतच गेलेले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि पाठीवर पोतं चढवून घेताना राहतात तसे श्वास रोखून उभे राहिले. मग चालून दाखवलं. पडद्यावर ठिपक्यांची पावलं चालू लागली, तेव्हा निरखून म्हणाले, "हायेत माझीच. भेगा तेवढ्या गेल्या."

सर खो खो हसले. मग एकेक गोळी काढून अठ्ठावीस मोजल्या, डबीत ठेवल्या, झाकण लावलं. तरी उठले नाहीत. हाड शोधताना ते फक्त बोटांची टोकं वापरतात, हे मला ठाऊक होतं. आता त्यांचे दोन्ही तळवे बापूंच्या पावलांवर सपाट टेकले होते आणि मान खाली होती.

बापूंना त्या कागदाची गोष्ट माहीत नव्हती. कुणी पायावर वाकलं की थोरल्यानं जे करायचं ते त्यांनी केलं. सरांच्या विरळ केसांवर हात ठेवला. "सुखी राहा, बाळा."

मग खालूनच सर पुटपुटले, "बापू, हलू नका."

"मी कुठं हलायलोय?" बापू हळूच म्हणाले. "तुम्हीच हलायलात."