अस्सल जेनोवाकराच्या मागे

"तो नकाशा आधी खिशात घाला बघू," एर्मान्नोने व्याह्यांना दटावलं. "जन्माचा जेनोवाकर बरोबर असताना नकाशा कसला?"

मिलानहून सपत्नीक आलेल्या सिन्योर गाल्बियातींनी मुकाट्याने नकाशाची घडी घातली. एर्मान्नोच्या लेकीच्या, नोएमीच्या लग्नाचं जेवण जेनोवात द्यायचं की मिलानला, हे आज ठरायचं होतं. जुन्या शहरातल्या चार गल्ल्या हिंडवायच्या आणि शेवटी लाकडाच्या भट्टीतली, काठाला कुरकुरीत झालेली फारिनाता पुढ्यात ठेवायची, असा एर्मान्नोचा बेत होता. हरभऱ्याचं पीठ, तेल, मीठ आणि पाणी, एवढ्यावर मिलानवाल्यांचं तोंड बंद होणार होतं. टेबल अडवायला बायको इल्दे पुढे गेली होती.

पण स्वतःच्या लग्नानंतर एर्मान्नो वर टेकडीवर राहायला गेला होता, आणि तेव्हापासून या गल्ल्यांत त्याचं पाऊल पडलं नव्हतं. हे त्याने व्याह्यांना सांगितलं नव्हतं. खरं तर स्वतःलाही नव्हतं.

चर्च पाहून झालं, राजवाडा पाहून झाला. मग त्याने ऐटीत डावीकडे वळण घेतलं, आणि तिथून पुढे त्याला एकही दार ओळखीचं वाटेना.

"सिन्योर, ही कोपऱ्यावरची मारियाची मूर्ती मघाशी बघितली ना आपण?" विहीणबाईंनी विचारलं.

"इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मारिया असते."

"हिच्याही नाकाचा टवका उडालाय."

"समुद्राचा वारा," एर्मान्नो म्हणाला आणि झपाझप पुढे निघाला.

तेवढ्यात एका जर्मन जोडप्याने त्याला गाठलं. "तुम्ही इथलेच का? जेवायला निघालात?" एर्मान्नो तोंड उघडायच्या आत गाल्बियाती अभिमानाने म्हणाले, "आमचे व्याही आहेत. या यांच्या मागे!" जर्मन निघालेले बघून दोन विद्यार्थिनी निघाल्या, त्यांना बघून एक डच कुटुंब बाबागाडीसकट निघालं. बघता बघता गल्लीभर रांग झाली.

फोन वाजला. "एर्मान्नो, आहेस कुठे?" इल्दे कडाडली.

"आलोच, कोपऱ्यावर आहे." त्याने आवाज खाली आणला. "दुकानासमोर काय दिसतं गं?"

"समोर? भिंत!"

"कसली भिंत?"

"आता भिंतीला नाव विचारू का? लवकर ये. मी टेबल अडवून बसलेय, लोक नुसते खाऊ की गिळू करताहेत!"

एकेका दुकानाचं शटर धडाधड खाली येत होतं. दुपारची भट्टी विझली की संध्याकाळपर्यंत कुणी साधा पावही देणार नव्हतं. एर्मान्नोच्या सदऱ्याची पाठ भिजली. तो उजवीकडे वळला आणि थेट वाळत घातलेल्या चादरींत घुसला. चादरींमागे वाट संपली होती.

मागची अख्खी वरात थबकली. जर्मनाने कॅमेरा काढला. "ही काय आहे?"

"भिंत," एर्मान्नो म्हणाला. "फार जुनी आहे."

"किती जुनी?"

"आमच्या आजोबांनीही ही जुनीच बघितली."

सगळ्यांनी फोटो काढले. विहीणबाई मात्र एका पायरीवर बसल्या आणि त्यांनी बूट काढले. "मी आता इथून हलत नाही. लग्न मिलानलाच करू. तिथे रस्ते निदान कुठेतरी जातात."

एर्मान्नो चादरी बाजूला सारून दुसरी वाट शोधू लागला. आणि तेवढ्यात कुठूनतरी वास आला. लाकडाचा धूर, त्यात भाजलेलं हरभऱ्याचं पीठ! "चला!" तो ओरडला आणि चक्क पळत सुटला. विहीणबाई बूट हातात घेऊन पळाल्या. दोन वळणांवर एक अंधारं दुकान लागलं आणि मालक दार लावता लावता थांबला. इल्दे गेली होती ते दुकान हे नव्हे, हे एर्मान्नोला दिसत होतं. पण एवढी गिऱ्हाइकं बघून मालकाने भट्टीत पुन्हा लाकडं सारली होती.

फारिनाता आली. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि लगेच दुसरी ताटली मागवली.

रांगेचं शेपूट अजून आत येतच होतं. सगळ्यात शेवटी, बाबागाडीच्या मागून, घामाघूम झालेली एक बाई आत शिरली. ती इल्दे होती.

"तू?" एर्मान्नो पुटपुटला. "आणि टेबल?"

"मला ते दुकानच सापडलं नाही रे," ती त्याच्या कानात म्हणाली. "मघाशी ही एवढी माणसं जाताना दिसली. म्हटलं, पुढे कोणीतरी माहितगार असणार."

गाल्बियाती बोटं चाटत होते. "ठरलं! लग्नाचं जेवण इथेच. व्याहीबुवा, हे दुकान आम्हाला जन्मात सापडलं नसतं. गल्लीचं नाव काय म्हणालात?"

"आधी खाऊन घ्या," एर्मान्नो म्हणाला, "गार झाली की मजा जाते." टेबलाखालून इल्देने त्याला चिमटा काढला, तेव्हा तो बाहेर गल्लीची पाटी वाचायला उठला.