सासूबाईंच्या आधाराची दांडी

सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि रविवारी त्या दोन महिन्यांसाठी लेकीकडे येणार असं ठरलं. डॉक्टरांनी एकच अट घातली होती : बाथरूममध्ये धरून उठाबसायला भिंतीला भक्कम दांडी हवी. बायकोनं लगोलग स्टीलची दांडी आणली आणि प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी येतो.

"त्याला कशाला बोलावतेस?" हेडक्लार्क पेपरातून डोकं वर काढून म्हणाले. "चार स्क्रू तर पिळायचेत. शनिवारची सुट्टी आहे, मी बसवतो."

बायको लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली. "अहो, आईचा सगळा भार त्या दांडीवर येणार आहे."

"म्हणूनच तर मी बसवतो."

(खरं कारण वेगळं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या होत्या, "आमच्या जावईबापूंना पेनाचं टोपण सोडलं तर काही पिळता येत नाही." हे वाक्य हेडक्लार्कांनी पडद्याआडून ऐकलं होतं आणि काना-मात्रेसकट जपून ठेवलं होतं.)

शनिवारी सकाळी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि ऐटीत म्हणाले, "चार स्क्रू द्या. चांगले."

"लाकडाचे?" दुकानदारानं विचारलं.

"लाकडाचे नकोत, लोखंडाचेच द्या."

दुकानदारानं क्षणभर डोळे मिटले. "साहेब, स्क्रू लाकडात मारायचा आहे की भिंतीत?"

"भिंतीत."

"भिंत कसली? विटांची, काँक्रीटची, की पोकळ ब्लॉकची?"

"टाइल्सची आहे."

"टाइल्सच्या मागे काय आहे?"

आता टाइल्सच्या मागे काय असतं हे माणसाला कसं कळावं? बारा वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून आंघोळ केली, पण एवढी चौकशी कधी केली नव्हती. "भिंतच असणार," ते चिडून म्हणाले. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक खाकरलं. दुकानदारानं मुकाट्यानं चार स्क्रू आणि प्लास्टिकच्या चार गिट्ट्या पुडीत बांधून दिल्या. आधी भोक, भोकात गिट्टी, गिट्टीत स्क्रू, असा क्रमही त्यानं दोनदा सांगितला.

ड्रिल मशीन ऑफिसच्या वायरमनकडून आणलेलं होतं. हेडक्लार्कांनी बाथरूमचं दार लावून घेतलं, खुणा केल्या आणि बटण दाबलं. बिट टाइलवरून आधी सरसर घसरलं आणि एक लांबलचक ओरखडा काढून आलं. मग एकदाचं ते रुतलं, घरघरलं आणि एकाएकी मुठीपर्यंत आत गेलं. त्याबरोबर हेडक्लार्कांचं कपाळ टाइलवर आपटलं.

"काय झालं?" बाहेरून बायको.

"काही नाही. भोक छान झालंय."

आणखी तीन भोकं पाडून त्यांनी पहिली गिट्टी भोकात बसवून हातोडीनं हलकेच ठोकली. गिट्टी नाहीशी झाली. भिंतीच्या पोटातून टक्‌, टक्‌, टुक्‌ असा आवाज खाली खाली जात विरला. दुसरी गिट्टीही त्याच वाटेनं गेली. तिसरी त्यांनी दोन बोटांत घट्ट धरून ठेवली होती, तरी गेली. चौथीच्या वेळी त्यांनी शहाणपणा केला आणि चारही भोकांत कागदाचे बोळे आणि आगपेटीच्या काड्या कोंबून त्यातच स्क्रू पिळले. दांडी बसली. लांबून पाहिली तर फारच देखणी दिसत होती.

"ये, बघ," त्यांनी बायकोला बोलावलं.

बायकोनं करंगळी अडकवून जराशी ओढली. दांडी स्क्रू, बोळे आणि काड्यांसकट तिच्या हातात आली.

"अहो, आई अडुसष्ट किलोची आहे," ती म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिचे डोळे भरून आले होते. "ती एकदा पडलीय. पुन्हा पडली तर उठायची नाही. तुमच्या पाया पडते, प्लंबर येईपर्यंत ते मशीन खाली ठेवा."

हेडक्लार्कांना चूक कळत होती, पण ती सोमवारपर्यंत तशीच भिंतीवर दिसत राहणार, हे काही सोसण्यासारखं नव्हतं. ते चपला घालून पुन्हा दुकानात गेले.

"गिट्ट्या आत पडल्या," त्यांनी कबुली दिली.

"म्हणजे पोकळ ब्लॉकची भिंत. माणसाचा भार घ्यायचा असेल तर जाणता मिस्त्री बोलवा, साहेब. भिंतीची जाडी मोजून—"

पण हेडक्लार्कांचं लक्ष फळीवर गेलं होतं. तिथं अंगठ्याएवढे जाड, चकाकणारे अँकर बोल्ट पडलेले होते. "हे कसले?"

"हे मोठमोठी यंत्रं काँक्रीटला जखडायला."

"सासूबाई यंत्रापेक्षा जड नाहीत ना? मग झालं. यातले सगळ्यांत लांब चार द्या. आणि एवढं भोक पाडणारं बिट."

दुकानदार "अहो साहेब, पण—" म्हणेपर्यंत ते रस्त्यावर पोचले होते.

या खेपेला त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं. आधीचीच भोकं रुंद केली आणि मशीन जाईल तितकं आत जाऊ दिलं. एक टाइल कोपऱ्यात तडकली, तिच्याकडे काणाडोळा केला. तीन बोल्ट हातोडीनं ठोकून बसवले. गंमत अशी, की पाना कितीही फिरवला तरी नट काही घट्ट होईना. बोल्ट आपला गरागरा फिरतच होता. चौथा ठोकायला हातोडी उगारली आणि दाराची बेल वाजली. वाजली ती थांबेचना.

दारात शेजारचे फिटरकाका उभे होते. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढून निवृत्त झालेला माणूस. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, खांद्यावर टॉवेल.

"तुमचं काही सामान आमच्याकडे आलंय," ते म्हणाले.

"आमचं? काय?"

"चला, दाखवतो."

काकांच्या बाथरूममध्ये बेसिन आणि कमोड यांच्या मधल्या भिंतीतून तीन चकचकीत बोल्ट चार-चार बोटं बाहेर आले होते. चौथ्या भोकातून हेडक्लार्कांच्या बाथरूममधला दिवा दिसत होता. खाली चुऱ्याचा ढीग.

"मी दाढी करत होतो," काका शांतपणे सांगू लागले. माणूस इतका शांत बोलला की जास्तच भीती वाटते. "कमरेशेजारी एक टोक बाहेर आलं, गरगर फिरलं, परत आत गेलं. म्हटलं, वय झालं, भास होत असतील. मग दुसरं आलं. दोनदा येऊन बेल दाबून गेलो, पण तुमच्या मशीनपुढे ऐकतंय कोण?"

"पण हे इकडे आलं कसं?" हेडक्लार्कांनी अगदी मनापासून विचारलं.

"अहो, भिंत चार इंची. बोल्ट आठ इंची. उरलेल्या चार इंचांनी जावं कुठं?"

हेडक्लार्क बोटांवर इंच मोजू लागले. मागोमाग आलेल्या बायकोनं मात्र हात जोडले आणि सगळी हकिगत सांगितली : आईचं ऑपरेशन, उद्याचं येणं, करंगळीनं निघालेली दांडी. ऐकता ऐकता काकांच्या गालावरचा फेस वाळला. ते खाली वाकले, भोकांवरून बोट फिरवलं आणि 'हं' म्हणाले.

"भोकं पडलीच आहेत, तर आता आरपारच बसवू. हे दिमाखदार बोल्ट इथं कुचकामी. साधे नट-बोल्ट आणा, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, म्हणजे भिंत मधे चिमट्यात सापडेल. आणि हो, तशीच आणखी एक दांडी आणा. माझेही गुडघे गेलेत. बसवताना दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून राहिलं होतं."

हेडक्लार्क तिसऱ्यांदा दुकानात गेले. त्यांना पाहून दुकानदार उठून उभाच राहिला.

मग काम सुरू झालं. काका त्यांच्या बाजूला पाना घेऊन, हेडक्लार्क आपल्या बाजूला दांडी धरून, मधे भिंत.

"धरलीत का?" पलीकडून काका.

"धरली!"

"आता ओढा!"

"काय?"

"ओढा, ओढा!"

हेडक्लार्कांना 'सोडा, सोडा' ऐकू आलं. त्यांनी सोडली. दांडी बोल्टांसकट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आली.

"आई गं!"

"आई उद्या येणार ना?" पलीकडून काकांनी विचारलं.

शेवटी बायकोनं त्यांना बाहेर स्टुलावर बसवलं, पायावर ठेवायला बर्फ दिला आणि दांडी स्वतः धरली. पंधरा मिनिटांत काम झालं. काकांनी इकडे येऊन दांडीला सगळा भार टाकून पाहिला. ती तसूभर हलली नाही. बायकोनं लगेच प्लंबरला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

रविवारी सासूबाई आल्या. वॉकर टेकत टेकत घरभर हिंडल्या, तडकलेल्या टाइलकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. सोमवारी सकाळी बायको बाथरूमच्या दाराबाहेर श्वास रोखून उभी होती. आतून पाण्याचा आवाज आला, मग दांडीवर हात पडल्याचा. त्याच क्षणी भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "कोण ओढतंय?"

"मी! जावईबापूंची सासू!" सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "उठतेय!"

"उठा, उठा! बिनधास्त उठा! मीही इकडून धरलंय!"

सासूबाई हसतच बाहेर आल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कुणाच्या हाताशिवाय आंघोळ करून, ताठ उभ्या. बायकोनं पदरानं डोळे टिपले. हेडक्लार्कांचाही ऊर भरून आला. अंगठा ठणकत होता, कपाळावर टेंगूळ होतं, तरी आपल्या हातून घरात काहीतरी भक्कम झालं असं त्यांना वाटून गेलं. काही झालं तरी भोकं त्यांची होती.

संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली, "जावईबापू, जरा इकडे येता का? या वॉकरचा हा एक स्क्रू ढिला झालाय बघा."

हेडक्लार्क लंगडत आत धावले. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पाना आणि उरलेल्या वॉशरांची पुडी घेऊन परत आले आणि वॉकरसमोर मांडी घालून बसले.

"ते सगळं असू द्या हो," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "तुम्ही फक्त शेजारी जाऊन फिटरकाकांना बोलावून आणा. आणि जाताना दार जरा हळू लावा, नाहीतर बाकीचेही स्क्रू निघायचे."