खैरटोल्याची शेवटची बैठक

आमचं खैरटोला गाव गेल्या वैशाखात सौना ठरलं.

तपासणीसाठी, जिथे घरोघरी बसून घाम काढायची अशी गरम खोली असते त्या स्वीडनच्या उत्तरेकडून गुनिल्ला नावाच्या बाई आल्या होत्या. गावाने पहिल्याच दिवशी त्यांच्या गुणाबाई केल्या. त्या मराठी शिकून आल्या होत्या, कारण जागेची भाषा आल्याशिवाय सौना तपासायचा नाही असा त्यांच्या मंडळाचा नियम आहे. बसस्टँडच्या पत्र्याखाली, देवळाच्या पारावर आणि बँकेसमोरच्या रांगेत थर्मामीटर धरून त्यांनी निकाल दिला. उष्णता कोरडी आहे. तापलेले काळे दगड आहेत. बसायला पार, त्याहून उंच ओटे आणि सर्वांत वर गच्च्या आहेत, आणि माणसं दुपारभर काही न बोलता बसून असतात. एवढं असल्यावर तो सौनाच. कोणी मुद्दाम बांधला की नाही, हा प्रश्न दुय्यम.

गावात कोणाला नवल वाटलं नाही. आपण भट्टीत राहतो हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत होतो. पण घरच्याचं कोण ऐकतं? पाहुण्याने म्हटलं की लगेच पटतं.

मग नियम आले. सौनात पद चालत नाही, कपड्यांबरोबर ते बाहेर खुंटीला टांगायचं. त्यामुळे नगराध्यक्ष मनोहर बोरकुटे नाक्यावर नगराध्यक्षपद ठेवून बनियनवर गावात आले आणि त्यांना कोणी नमस्कार केला नाही. सौनात आवाज चढवायचा नाही, म्हणून नळावरची भांडणं बंद झाली. सौना आतून गार करता येत नाही, म्हणून गावातले सगळे कूलर नाक्यापलीकडे नेऊन रचले. गुणाबाईंच्या देशात भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्या अंगावर झोडपून घेतात. इथे कडुनिंबाला मंजुरी मिळाली. तापून झाल्यावर गार बुडी हवी, ती गावच्या तलावात.

मी नगरपरिषदेत पाणी सोडणारा. दगडांवर पाणी ओतायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. चौकातल्या काळ्या दगडांवर मी तांब्या रिकामा केला की चर्र आवाज व्हायचा, वाफ गल्ल्यांतून सरकत जायची आणि बसलेले लोक हळूच "अहाहा" म्हणायचे. अहाहाला परवानगी होती.

पुण्यामुंबईची मंडळी वेलनेससाठी येऊ लागली. आमच्याच ओट्यांवर पंचे अंथरून, डोळे मिटून बसू लागली. जे ऊन आम्हाला लागायचं ते त्यांना मानवत होतं. गुणाबाईंना याचा थोडा राग होता. त्या म्हणायच्या, "आमच्याकडे हे आरोग्यासाठी नव्हतं. आमच्या शनिवारच्या नावातच अंघोळ आहे. सौनात आम्ही अंग धुतलं, बाया तिथेच बाळंत झाल्या, गेलेल्या माणसाला तिथेच शेवटचं न्हाऊ घातलं. आरोग्य फार उशिरा आलं."

गावाला मात्र एक गोष्ट मिळाली. पाण्याविना सौना नाही, म्हणून खैरटोल्याला रोज पाणी येऊ लागलं. पूर्वी आठवड्यातून एकदा यायचं. बायकांनी साठवणीच्या घागरी पालथ्या घातल्या. सौनाचा दर्जा गेला तर पाणीही जाणार, हे लहान पोरालाही माहीत होतं.

आणि मग शेवटचा नियम आला.

शनिवारी सगळ्यांच्या बैठका झाल्या की शेवटची बैठक माणसांची नसते. सौना सांभाळणारा जो कोणी असतो, जो दिसत नाही, ती त्याची. त्याच्यासाठी ऊब शिल्लक ठेवायची, बादलीभर पाणी, तांब्या आणि धुतलेला पंचा ठेवायचा आणि आपण निघून जायचं. "सौनात एकही माणूस राहता कामा नये," गुणाबाई म्हणाल्या. "राहिला तर तो सौना नाही, नुसती गरम खोली."

आमचा सौना म्हणजे अख्खं गाव. शनिवारी दिवेलागणीला सगळ्यांनी नाक्याबाहेर जायचं ठरलं. दुकानदार तयार झाले, पुजारी तयार झाले, गाईम्हशीही निघाल्या. फक्त माझी आई उरत होती.

तिचं खुब्याचं हाड मोडलेलं. वर्षभर ती खाटेवर होती. आदल्या पावसाळ्यात आम्ही तिला एकदाच तालुक्याला हलवलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुन्हा हलवाल तर परत आणायची आशा धरून हलवू नका. मला फार भीती वाटत होती. एका बाजूला गावाचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला माय, आणि पाणी सोडणारा मीच.

बोरकुटे आमच्याकडे आले. पद नसल्यामुळे ते दारातच उभे राहिले.

"प्रभाकर, आपुन खाट उचलू ना बाप्पा," ते म्हणाले. "चार जणं लागतात. हळूच नेऊ, हळूच आनू."

आतून आई बोलली. "मनोहर, मले चार जणाईनं एकदाच उचलाचं. मंग घरी आनाचं काम नाही."

बोरकुटे तसेच परत फिरले. थोड्या वेळाने गुणाबाईंना घेऊन आले. आईजवळ स्टूल ओढून त्या बसल्या. थर्मामीटर त्यांनी मांडीवर ठेवला.

"आजी, मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. या घरात सर्वांत आधी कोण उठायचं?"

"आता कोन उठन? मीच."

"आपल्याला उठताना कोणी पाहिलं आहे का?"

आई विचारात पडली. "सारे निजून राह्यचे ना."

"अंघोळ केव्हा करत होतात?"

"सार्‍याइचं झाल्यावर."

"तोवर पाणी गरम असायचं का?"

"असलं तं असलं."

"आणि जेवण?"

"तेही मांगूनच. त्याचं काय एवढं पुसता?"

गुणाबाई माझ्याकडे वळल्या. "आपण यांना जेवताना पाहिलं आहे का?"

मी आठवून पाहिलं. वाढताना आठवत होती, ताटं उचलताना आठवत होती. आमच्या कूलरचं तोंड आमच्याकडे असायचं आणि त्याची टाकी भरायला ती उठायची, तेही आठवत होतं. जेवताना आठवली नाही. मी तसं सांगितलं.

"अंगण झाडताना?"

"अंगण झाडलेलंच असायचं."

त्यांनी थर्मामीटर पिशवीत घातला. "नियमाला बाधा नाही," त्या बोरकुट्यांना म्हणाल्या. "शेवटची बैठक ज्यांची आहे, त्या जागेवरच आहेत."

बोरकुट्यांनी मान डोलावली. त्यांचीही आई होती.

शनिवारी गाव निघालं. खुर्च्या, पोरं, पंचे गुंडाळलेले पुणेकर, सगळे नाक्याकडे चालू लागले. मी खाटेशी बादली ठेवली, तांब्या ठेवला, धुतलेला पंचा घडी करून उशाशी ठेवला.

"हे कोनासाठी?" आईने विचारलं.

"तुह्यासाठी."

"आधी सार्‍याइचं होऊ दे."

"झालं वो माय."

"सुनबाईचं?"

"झालं."

"पाव्हन्याइचं?"

"त्याइचंबी झालं."

मग तिने पंच्यावर हात ठेवला. मी दार ओढून घेतलं.

नाक्याबाहेर आम्ही कूलरच्या ढिगाजवळ उभे राहिलो. थोड्या वेळाने आमच्या गल्लीवर वाफ उठली आणि सावकाश गावभर पसरली. एका पोराने "अहाहा" म्हटलं, तर त्याच्या आईने त्याला गप्प केलं.

परतलो तेव्हा बादली रिकामी होती. पंचा अंगणातल्या दोरीवर ओला टांगलेला होता. ज्या बाईला कूस बदलता येत नव्हती तिने तो कसा टांगला, हे मी विचारलं नाही. तिचा चेहरा ताजा दिसत होता.

त्यानंतर ती दर शनिवारी जराशी कमी दिसू लागली. आधी पाय दिसेनात, मग हात. गुणाबाई म्हणाल्या की हे नियमानुसारच आहे, ज्याची शेवटची बैठक असते तो दिसत नाही. आषाढ लागेपर्यंत खाटेवर नुसती चादर राहिली. चादर कोमट असायची. त्याच आठवड्यात माझी बायको पहाटे उठली तर अंगण झाडून झालेलं होतं. ती पदर तोंडाला लावून पायरीवर बराच वेळ बसून राहिली.

पावसाळ्यात पाहुणे गेले, गुणाबाईही गेल्या. दर्जा कायम आहे आणि पाणी रोज येतं. चार जणांना बोलवायची वेळ आमच्यावर आली नाही.

मात्र एकदा चूक झाली. त्या शनिवारी व्हॉल्व्ह बिघडला होता. दुरुस्ती करून मी चिखलाच्या हातापायांनी धावतच घरी आलो, बादली ठेवली आणि रिकाम्या खाटेकडे पाहून म्हणालो, "झालं वो माय, सार्‍याइचं झालं." दार ओढून नाक्यावर गेलो.

सगळे वाट पाहत राहिले. वाफ उठली नाही. अंधारून आलं तरी उठली नाही. बोरकुटे माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "प्रभाकर, तुहं आंग धुनं झालं काय?"

मी एकटाच परत गेलो. बादली तशीच भरलेली होती आणि पंच्याची घडी मोडलेली नव्हती. मोरीतून मात्र वाफ येत होती. तिथे माझ्यासाठी कढत पाणी काढून ठेवलेलं होतं. बाजूला साबण होता आणि माझे धुतलेले कपडे होते.

नाक्यावर अख्खं गाव उभं होतं. मी सावकाश, शेवटच्या तांब्यापर्यंत अंघोळ केली. मग खाटेपाशी येऊन म्हणालो, "झालं माय, माहंबी झालं," आणि दार ओढून घेतलं.