पेंग्विनचे डोळे आले

मी राजवर्धन, खासगी गुप्तहेर. दिघ्यापासून महाप्यापर्यंतच्या गुन्हेगारांना माझ्यामुळे झोप लागत नाही, असं मी ऐकून आहे. सांगणारा मीच असलो म्हणून काय झालं?

त्या सकाळी शेजारची सुचिता धावत आली. "काका, चला लवकर! अकराला ऑनलाइन मुलाखत आहे आणि कॅमेऱ्यात सगळं लालभडक! मी दिसतच नाहीये!"

वर्षभर नोकरी शोधून दमलेली पोर, अगदी रडायच्या बेतात होती. तिचा लॅपटॉप कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेला, दुकानदारानं दुरुस्त करून विकलेला. विंडोज त्यावर धापा टाकायचं, म्हणून तिनं लिनक्स टाकलं होतं.

"कितीला पडलं हे लिनक्स?"

"फुकट असतं, काका."

"मग सापडला चोर! फुकट देणारे दुसरीकडून वसूल करतात. तुझा हिरवा आणि निळा रंग त्यांनी नेला. लाल तेवढा ठेवलाय."

"बाकी स्क्रीनवर सगळे रंग आहेत की!"

पुरावे हे असे मध्येच कडमडतात. मी न डगमगता लिनक्सच्या चिन्हाकडे बोट दाखवलं. "हा पेंग्विन. बर्फातला पक्षी तुम्ही दिघ्याच्या उकाड्यात आणलात. डोळे आलेत त्याचे!"

"अगो बाय! गुलाबपानी आनू का?" सुचिताची आई भागीरथीबाई दारातून म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवणारी जगात ही एकटीच.

"नको. लिनक्स उडवू, विंडोज टाकू."

"हात लावून तर बघा, काका!" सुचिता ओरडली.

तेवढ्यात अकरा वाजले आणि स्क्रीनवर कंपनीचे कुंदनसाहेब उगवले. त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं.

"मॅडम, लॅपटॉपची पूजा केलीत का? कॅमेऱ्यावर कुंकू लागलंय. दसऱ्याला आमचं निम्मं ऑफिस असंच दिसतं."

"मीच लावलंय. पोरीची मुलाखत हाय ना," भागीरथीबाई म्हणाली.

सुचितानं ओढणी पुढे केली, तर आईनं हातच धरला. "शुभ कामाला कुंकू पुसतान काय? नाय पुसायचं!"

"आई, नोकरी जाईल माझी!"

भागीरथीबाईनं विचार केला. मग कॅमेऱ्यावरचं कुंकू बोटानं टिपून सुचिताच्या कपाळाला लावलं. उरलेलं माझ्या.

साहेबांना आता आम्ही तिघंही स्वच्छ दिसू लागलो. प्रश्नोत्तरं झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "एवढ्या जुन्या मशीनवर लिनक्स कुणी बसवलं?"

"मीच, सर."

"वा! आमचे सगळे सर्व्हर त्याच्यावरच चालतात. सोमवारपासून या कामाला."

सुचिता काही बोलणार, तोच आई पुढे सरसावली. "सोमवारी अवस हाय. पोर मंगलवारी येल."

सुचितानं डोळे मिटून घेतले. साहेबांनी कॅलेंडर पाहिलं.

"मंगळवारी चालेल," ते म्हणाले. "आणि काकू, तुम्हीही या एकदा. आमचा एक सर्व्हर कुणाचंच ऐकत नाहीये."